लाकडं तोडायला खुकरी घ्यायचीय, पण कोणती?

तळ्याकाठचा
मंडळी, मी डेट्रॉईटच्या बाजूला राहतो. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चार टाळकी मिशिगनच्या पार वरच्या भागात, हियावाथा नॅशनल फॉरेस्टात कॅम्पिंगला चाललोय. तिथं पडलेलं वाळकं लाकूड शेकोटीपुरतं गोळा करून जाळता येतं, उभ्या झाडाला हात लावायचा नाही एवढं पथ्य. घरून सरपण न्यायचा प्रश्नच नाही कारण २००२ साली आमच्याच भागात तो एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा सापडला, त्याने ॲशची कोट्यवधी झाडं खलास केली, तेव्हापासून इकडचं लाकूड तिकडे नेऊ नका म्हणून जागोजागी बोर्ड लावलेत. म्हणजे जे काय तोडायचं ते तिथंच.

घडीची करवत आहे माझ्याकडे. पण ऑफिसातल्या एका नेपाळी मित्राच्या घरी खुकरी हातात घेऊन बघितली आणि डोक्यात किडा शिरला. ऑनलाइन शोधायला बसलो तर सिरुपाते, अंगखोला, भोजपुरे, चितलांगे, तीन चिरा, पानावल, काय काय नावं, आणि प्रत्येक विकणारा म्हणतो आमचीच खरी. पातं किती इंची घ्यावं? मूठ लाकडी का शिंगाची? नेपाळची हाताने घडवलेली घ्यावी का कारखान्यातली? आणि धाकटा भाऊ पुण्यात असतो, सह्याद्रीत भटकतो, तो म्हणतोय मलाही एक आण. आणू का?

रानवाट
कुऱ्हाड घे. विषय संपला.

तळ्याकाठचा
कुऱ्हाड आहे हो गॅरेजमध्ये, पण ती पाठीवर टाकून दिवसभर चालायचं म्हणजे... :)

जुना_फौजी
गोरखा पलटणीत नोकरी झाली, त्यामुळे या विषयावर थोडं लांबड लावतो, माफी असावी.

आधी सिरुपाते डोक्यातून काढ. दिसायला सगळ्यात देखणी तीच, पातळ, निमुळती, हातात घेतली की सोडवत नाही. पण ती हलकी असते, झुडपं, वेली, हिरवा बांबू यांच्यासाठी ठीक. सुकलेल्या लाकडावर वजन पाहिजे. अंगखोलाची पाठ जाड असते, आठ-दहा मिलिमीटर, आणि पात्याच्या बाजूला खोलगट खाच काढलेली असते म्हणून जाड असूनही अगदी धोंडा होत नाही. लाकूड हाच उद्देश असेल तर ती बघ, नाहीतर साधी फौजी ठेवणीची. ब्रिटिश गुरखा पलटणींना मिळते तिचं पातं साडेदहा इंचाच्या आसपास असतं. त्याच्या वर जाऊ नको. बारा-चौदा इंची खुकऱ्या फोटोत भारी दिसतात, अर्ध्या तासाने मनगट बोंबलायला लागतं.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो, म्यानातून काढायची कशी. म्यानाला तिकडे दाप म्हणतात, लाकडाच्या दोन फळ्या आणि वरून कातडं. धारेच्या बाजूला त्या दोन फळ्यांचा सांधा येतो. नवीन माणूस दाप मुठीत गच्च आवळून धरतो, म्हणजे चार बोटं बरोबर त्या सांध्यावर. खुकरी ओढताना पात्याचं पोट, म्हणजे धारेचा रुंद फुगीर भाग, सांधा चिरून बाहेर आलं की बोटं गेली. दाप नेहमी पाठीच्या बाजूने तळव्यावर घ्यायची, अंगठा एका अंगावर, बोटं दुसऱ्या अंगावर, धारेच्या बाजूला काही म्हणजे काही नको. आणि पातं काढताना त्याची पाठ दापेच्या पाठीला घासत काढायची, परत घालतानाही तसंच. आमच्याकडे रंगरूटाला आधी हेच घोटवून घ्यायचे, बाकी सगळं नंतर.

आणि कृपा करून ते "एकदा उपसली की रक्त पाजल्याशिवाय परत घालत नाहीत" वगैरे कोणी लिहू नका. त्याच खुकरीने जवान दिवसभर कांदे, कोंबडी, तंबूच्या खुंट्या सगळं कापतात.

देवगडकर
काका, मस्त माहिती. पण मी म्हणतो हे सगळं नेपाळ पुराण कशाला? आमच्या कोकणात प्रत्येक गड्याच्या कमरेला आकडी आणि आकडीला कोयती. नारळ सोलण्यापासून शेवरं तोडण्यापर्यंत सगळं तिच्यावर. लोहाराकडून पाहिजे त्या वजनाची करून मिळते, खुकरीच्या पावपट पैशात. टोक आत वळलेलं असल्यामुळे फांदी ओढून पण घेता येते, हे खुकरीला जमायचं नाही.

तळ्याकाठचा
@देवगडकर, कोयती मिशिगनमध्ये आणू कशी ते सांगा आधी. ;)

देवगडकर
चेक-इन बॅगेत. आमचे शेजारी दुबईला विळी घेऊन गेलेत.

भट्टीवाला
पोलादावर थोडं लिहितो, कारखान्यात हीट ट्रीटमेंटलाच आहे.

नेपाळी खुकरी बहुतेक वेळा ट्रकच्या कमान पाट्यातून घडवतात, विकणारे ५१६० ग्रेड म्हणून लिहितात. त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन आणि थोडं क्रोमियम. स्प्रिंगचंच पोलाद ते, धक्का खायलाच बनवलेलं. आपले घिसाडी लोक रस्त्याच्या कडेला पाल टाकून कोयते-कुऱ्हाडी करतात ते पण याच पाट्याचे, तेव्हा देवगडकरांचा मुद्दा काही अगदीच चुकीचा नाही.

फरक पडतो तो पाणी देण्यात, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करून कडक करण्यात. नेपाळमध्ये कामी, म्हणजे तिकडचे लोहार, पातं लाल तापवतात आणि किटलीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडत जातात. अख्खं पातं पाण्यात बुडवत नाहीत. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ, चिवट राहते. धारेला रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५५ ते ५८ च्या आसपास मिळतं, पाठीला त्याहून बरंच कमी. म्हणून जोरात घाव बसला, गाठ लागली, तरी पातं मधून तुटत नाही. ५१६० खरं तर तेलात थंड करायचं पोलाद, नुसत्या पाण्यात अख्खं बुडवलं तर तडा जायची भीती, हे लोक किटलीवर बरोबर सांभाळतात, सगळा हाताचा आणि नजरेचा खेळ.

आता मेख. हाताचं काम म्हणजे प्रत्येक पातं वेगळं. घरी आल्यावर एक बारीक कानस घे आणि पोटाच्या धारेवर हलकेच चालव. कानस घसरली, नुसती काचेवरून गेल्यासारखी, तर पाणी नीट बसलंय. चावली, भुगा पडायला लागला, तर मऊ राहिलीय, परत पाठव. मग पाठीवर चालवून बघ, तिथं चावलीच पाहिजे. मुठीजवळची दोन-तीन बोटं धार आणि टोकाजवळची धार बऱ्याचदा पोटापेक्षा मऊ असते, तो दोष नाही, काम पोटालाच करायचं असतं.

कारखान्याच्या म्हणशील तर कोल्ड स्टील कंपनीची खुकरी मशेटी (मशेटी म्हणजे झुडपं छाटायचा लांब पातळ सुरा) १०५५ ग्रेड पोलादाच्या पातळ पत्र्याची असते, आकार खुकरीचा पण जात मशेटीची. गवत-झुडपांना चांगली, स्वस्त, लाकडाच्या ओंडक्याला नाही.

रानवाट
मी अजूनही कुऱ्हाडच म्हणतो. हॅचेट, म्हणजे एका हाताची छोटी कुऱ्हाड, सहा-सातशे ग्रॅमची, खुकरी पण तेवढीच. आणि ओंडका उभा चिरायचा असेल तर पाचरीचा आकार लागतो, पात्याचा नाही. खुकरी लाकडात रुतून बसते नुसती, मग वरून दुसरं लाकूड घेऊन बदडत बसा.

जुना_फौजी
@रानवाट, चिरण्याच्या बाबतीत बरोबर आहे तुमचं. मनगटापेक्षा जाड ओंडका उभा फोडायला खुकरी घेऊच नये. पण कॅम्पवर एवढं जाड कोण फोडतं? शेकोटीला अंगठ्याएवढं ते मनगटाएवढं लाकूड लागतं. तिथे खुकरी आडवं तोडते, फांद्या साफ करते, साल काढते, ढलप्या काढते, खुंट्यांना टोक करते. हॅचेटने कोवळं झुडूप छाटायला जा, फांदी नुसती वाकते आणि परत तोंडावर येते.

घाव कसा घालायचा तेही सांगून ठेवतो. लाकूड हवेत धरायचं नाही, दुसऱ्या आडव्या लाकडावर टेकवायचं. गुडघ्यावर बसायचं, उभं राहून खाली मारलं आणि घाव चुकला तर पातं थेट नडगीवर. काटकोनात मारलं की पातं रुततं, म्हणून एक घाव डावीकडून तिरका, एक उजवीकडून तिरका, मधली खाच रुंद करत जायची, ढलपी आपोआप उडते. घाव टोकाने नाही, वाकाच्या थोडं पुढे जिथे पोट रुंद असतं तिथे बसला पाहिजे. मूठ आवळायची नाही. मुठीच्या मधोमध कडं असतं ते मधल्या बोटांच्या बेचक्यात येतं, घावाच्या शेवटी करंगळीकडून आवळायचं. पातं स्वतःच्या वजनाने जातं, खांद्याने मारायला लागलात की समजा काहीतरी चुकतंय.

तळ्याकाठचा
जबरदस्त. मुठीचं काय पण? शिंगाची दिसायला कसली भारी दिसते. आणि पानावल म्हणजे नक्की काय?

धरानची_वाट
मुठीबद्दल मी लिहिते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पूर्व नेपाळात राहिलोय. धरानला ब्रिटिशांचा गुरखा भरतीचा कॅम्प होता, त्याच्या आसऱ्याने तिथं खुकरीचा धंदा वाढला. भोजपूर त्याच्याही वर डोंगरात, तिथल्या कामींचं नाव जुनं.

मुठी दोन जातीच्या. एकीत पात्याचं पोलाद निमुळतं होत मुठीच्या आत जातं, उंदराच्या शेपटीसारखं, आणि आत लाहा भरतात. लाहा म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ, तापवला की पातळ, थंड झाला की दगड. चांगल्या खुकरीत ती शेपटी मुठीच्या बुडातून आरपार बाहेर काढून ठोकलेली असते, मागे बारीक ठिपका दिसतो त्यावरून ओळखायची. दुसरी जात म्हणजे पानावल: मुठीएवढं रुंद पोलाद शेवटपर्यंत आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या. लाकूडतोडीला मी डोळे मिटून पानावल सांगेन. हाताला हादरा थोडा जास्त लागतो, वजनही मागे येतं, पण हलायची भीती नाही.

लाह्याच्या मुठीचं एक लक्षात ठेव, उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवली तर लाहा मऊ पडतो आणि मूठ डुगडुगायला लागते. परत तापवून घट्ट करता येते पण रानात कुठे करणार. शिंग म्हशीचं असतं, कोरड्या थंडीत आकसतं, चिरतं. तुमच्याकडे हिवाळ्यात घरात हीटर चालतात ना, मग शिंग नकोच. शिसवाची घे. पॉलिश केलेली नको, घामेजल्या हातातून निसटते. असलीच तर सँडपेपर मारून पॉलिश उडवून टाक.

आणि नेपाळी मुठी लहान असतात हो, तिथल्या हाताच्या मापाच्या. मागवताना विकणाऱ्याला आपल्या तळव्याची रुंदी कळवायची, बरेच जण मापाने करून देतात.

पायपीट
काठमांडूला थामेलमध्ये रस्त्यावर ढिगाने मिळतात त्या घेऊन चालतील का? पुढच्या महिन्यात अन्नपूर्णाला चाललोय.

धरानची_वाट
थामेलमधली फुटपाथवरची बहुतेक भिंतीवर टांगायची असते. ओळख सांगते: पात्यावर सिंह, देवी, "नेपाळ" अशी कोरीव नक्षी, पाठ पातळ, दाप मखमलीची किंवा चकचकीत पितळी. कामाची खुकरी दिसायला ओबडधोबड असते, पात्यावर हातोड्याच्या खुणा सुद्धा असतात कधीकधी. चांगली दुकानं आहेत, पण दुकानात जा आणि पाठ अंगठ्याने मोजा. दोन छोट्या सुऱ्या येतात सोबत, कर्दा आणि चकमक. कर्दा लहान कापाकापीला, चकमकीला धार नसते, तिच्यावर धार सरळ करतात. त्या दोन्ही जर नुसत्या पत्र्याच्या असतील तर मोठी पण तशीच समजा.

आणि ट्रेक उरकून परत येताना घ्या. वर न्यायची गरज नाही, जेवण टीहाउसमध्ये, आणि त्या संरक्षित भागात ट्रेकर लोकांनी लाकूड जाळू नये म्हणून सांगतातच.

काळा_कोट
धाग्यात भावाचा प्रश्न राहूनच गेला, तो जास्त महत्त्वाचा आहे. मी वकिली करते, पण हा सल्ला फुकटचा, तेवढीच त्याची किंमत समजा.

हत्यार कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत धारदार हत्यारांचा जो वर्ग आहे त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे आणि कंसात खुकरीचं चक्क नाव आहे. शेती, घरकाम, उद्योग यासाठी बनवलेली साधनं त्यातून वगळलेली. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातला कोयता आणि पुण्यातल्या पोराच्या सॅकमधली साडेदहा इंची खुकरी यांत कायद्याच्या नजरेने फरक पडतो. वर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरा-जिल्ह्यांत अधूनमधून हत्यार बाळगायला मनाईचे आदेश निघत असतात. पुण्यात त्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर नाकाबंदीत सॅक उघडली आणि खुकरी निघाली, तर "साहेब, ट्रेकला चाललोय" हे रात्री अकरा वाजता ठाण्यात बसून पटवून द्यावं लागेल.

आणि जंगलात? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१, अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुरी पण येते. हरिश्चंद्रगड-कळसूबाई अभयारण्य आहे, भीमाशंकर अभयारण्य, वासोटा कोयना अभयारण्यात. राखीव वनात विस्तव करणं आणि झाडं छाटणं हे भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ मध्ये. मग भाऊ नक्की कुठे वापरणार ती खुकरी?

सह्यवेडा
+१. पुण्यातल्या भावाला स्टोव्ह घेऊन दे. गडावर शेकोट्या पेटवून कातळ काळे करून ठेवलेत लोकांनी, मार्चमधला एक निखारा गवतात पडला की अख्खा डोंगर जळतो. वासोट्याला बामणोलीहून जाताना वनखातं सामान तपासतं, तिथं खुकरी निघाली तर ट्रेक तिथेच संपला.

खरं सांगायचं तर सह्याद्रीत तोडायला आहेच काय. कारवीच्या काटक्या हाताने मोडतात, आणि अंजनीचं लाकूड इतकं टणक की फौजी काकांच्या खुकरीची पण धार मोडेल. :D

देवगडकर
कोयतीची नाही मोडत.

सह्यवेडा
आलात परत!

फिनलंडचा_पाहुणा
करवतीबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. तळ्याकाठचा, तुझ्याकडे घडीची करवत आहे ना? मग खुकरीचं अर्धं काम तिथेच संपलं. बाहकोची लॅपलँडर दोनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि मनगटाएवढी वाळकी फांदी मिनिटभरात आडवी कापते, आवाज नाही, ढलप्या उडत नाहीत, दमून हात घसरला तरी फार तर खरचटतं. दिवसभर चालून आल्यावर अंधारात धारदार वजन फिरवणं, वर थंडीने बोटं बधिर, हा प्रकार मला पटत नाही. इथे फिनलंडमध्ये लोक लांबी करवतीने कापतात आणि चिरायचं तेवढं छोट्या कुऱ्हाडीने. खुकरी घ्यायची तर हौस म्हणून घे, पण गरज म्हणून घेतोय असं स्वतःला सांगू नको.

जुना_फौजी
हे म्हणणं मान्य. करवत आणि खुकरी जोडीने वापरा, आडवं करवतीने आणि बाकी छाटणी, ढलप्या, खुंट्या खुकरीने. मग दहा इंचांचीही गरज नाही, साडेआठ-नऊ इंची पातं, पाचशे ग्रॅमच्या आसपास, पुरेसं होतं. पाऊस पडलेला असला की खुकरीची खरी किंमत कळते. बाहेरून भिजलेलं लाकूड सोलून आतलं कोरडं काढायचं असतं, तिथे करवत काही कामाची नाही. आणि अंधार पडल्यावर म्यानातून काढायची नाही हा नियम आमच्याकडे पण होता.

तळ्याकाठचा
सगळ्यांचे आभार. भावाला नाही म्हणून सांगितलं, तो रुसलाय, त्याला चांगला हेडटॉर्च पाठवतो. माझ्यापुरतं ठरलं: पानावल, शिसवाची मूठ, नऊ इंची, नक्षी नाही, पाठ आठ मिलिमीटर. तळव्याचं माप पाठवलं. आता धार लावायचं सांगा, पातं आत वाकलेलं, माझ्याकडे चपटा दगड आहे, तो वाकात बसणार कसा?

भट्टीवाला
चपटा दगड ठेवून पातं ओढायचं नाही, पातं स्थिर ठेवून छोटा दगड फिरवायचा. कुऱ्हाडीला लावायचा गोल दगड मिळतो तो घे. धार बाहेरून फुगीर असते, तो फुगीरपणा घालवू नको, सपाट केलीस तर वस्तऱ्यासारखी लागेल आणि पहिल्या गाठीला दातरे पडतील. नाहीतर जुन्या माऊसपॅडवर बारीक सँडपेपर चिकटव आणि पाठ पुढे, धार मागे ठेवून पातं ओढ, पॅड दबतो म्हणून फुगवटा आपोआप राहतो. आधी चारशे नंबर, मग आठशे, पुष्कळ झालं. ग्राइंडरला अजिबात लावू नको, धार तापून निळी पडली की कामीची सगळी मेहनत पाण्यात.

साधं कार्बन पोलाद आहे, गंजणार. काम झालं की चीक पुसायचा, ओला राहिला तर तासाभरात डाग. मग पातळ मशीन ऑइल. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर दापेत ठेवू नको, कातडं ओल धरतं. तेल लावून कागदात गुंडाळ.

पायपीट
खोबरेल चालेल का? ट्रेकला तेवढंच असतं सोबत.

भट्टीवाला
ट्रेकपुरतं चालेल. थंडीत गोठतं, मग बोटाने चोळून लाव. घरी आल्यावर पुसून मशीन ऑइल.

देवगडकर
आमच्या कोयतीला खोबरेलच लावतात.